परतीचा कोपरा आधी दाखवा

पत्र: "आम्ही दोघी सख्ख्या जावा, ठाण्यात चरईत राहतो. पाच वर्षांपासून मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, सुक्या चटण्या आणि कैरीचं लोणचं ऑनलाइन विकतो. स्वतःची वेबसाइट आहे, दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांवरही माल आहे. रोज साधारण ४० ऑर्डरी, एका ऑर्डरीत सरासरी चार पाकिटं. गणपती ते दिवाळी हा आकडा १२०वर जातो, मार्चमध्ये १८वर येतो. दुपारी दोन ते साडेसहा घरात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे खोके आणि टेप. आता माल साठवणं, पॅक करणं आणि कुरियरला देणं बाहेरच्या कोणाकडे सोपवायचं ठरवलंय. भिवंडीची मोठी कंपनी ऑर्डरमागे २८ रुपये म्हणते, पावणे एमआयडीसीतला एक लहान गाळेवाला ३८. सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. ते म्हणतात, माल परक्याच्या दारात ठेवायचाच नाही. गणपती दीड महिन्यावर आलेत. २८ घ्यावं की ३८? दोन्ही दरपत्रकांचे फोटो सोबत." – दोघी जावा, ठाणे

ताई (दोघींनाही हेच चालेल ना?),

दरपत्रकांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नाहीतर या प्रश्नाला कोणीही २८ म्हणालं असतं आणि फसलं असतं. भिवंडीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की २८ रुपये पहिल्या पाकिटाचे, पुढच्या प्रत्येकाला ४. तुमची चार पाकिटांची ऑर्डर तिथेच ४०वर गेली. माल आत येताना मोजून घ्यायचे पाकिटामागे २, म्हणजे आणखी ८. झाले ४८. पावण्याचे ३८ तीन पाकिटांपर्यंत आहेत, चौथ्याचे ५, मोजून घ्यायचे काही नाहीत. झाले ४३. खोका, टेप आणि १८ टक्के जीएसटी दोघांकडेही वरून आहेच, पण त्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट तुम्हाला मिळेल, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होईल.

त्यात भिवंडीची किमान बिलाची अट आहे. माल हलो न हलो, महिन्याला ४०,००० रुपये. तुमचा मार्च घ्या. रोज १८ ऑर्डरी, कामाचे २६ दिवस, एकूण ४६८. चाळीस हजार भागिले ४६८, म्हणजे ऑर्डरमागे ८५ रुपये. दिवाळीत कमवायचं आणि शिमग्याला घालवायचं, त्यातली गत. वर्षातल्या सगळ्यात मंद महिन्याचं बिल काढल्याशिवाय कुठल्याही दरपत्रकाबद्दल मत बनवू नका. आणि एक गोष्ट दोन्ही कागदांवर नाही, ती फोन करून विचारा: टेम्पोतून माल उतरवायची वाराई कोणाच्या डोक्यावर? आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी माथाडी टोळ्या आहेत, त्यांचा हिशेब वेगळा असतो. पहिल्या खेपेला दारात टेम्पो उभा करून या विषयावर हुज्जत घालायची वेळ येऊ नये.

मोठी गळती मात्र कुरियरच्या वजनात असते. कुरियरवाला खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५०००ने भागायचं, आलं ते किलोत. तुमची चार पाकिटं खोक्यासकट सव्वा किलोच्या आत असतील. ती ३० गुणिले २० गुणिले १५च्या खोक्यात टाकली की वजन १.८ किलो धरलं जाणार, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे बिल २ किलोचं येणार. तोच माल २५ गुणिले १८ गुणिले १२च्या खोक्यात नीट बसवलात तर आकारमानाचं वजन १.०८, बिल दीड किलोचं. घरी तुम्ही आपोआप लहान खोका उचलता, कारण पैसे तुमचे असतात. गोदामातला मुलगा हाताला लागेल तो उचलतो. तेव्हा खोके तुम्हीच पुरवा, तीनच मापांचे, आणि कोणत्या ऑर्डरीला कोणता खोका हे एका कागदावर लिहून द्या. जे लिहून दिलेलं नसेल ते त्या दिवशी पाळीवर जो असेल त्याच्या मर्जीनं होईल.

आता गोदाम बघायला जाल तेव्हाची गोष्ट. मी बारा वर्षं गोदामांत काढली आहेत, आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचं आणि काय नाही हे मीही करत आलोय. तुम्हाला पुढची बाजू दाखवतील. उंच रॅक, बारकोड स्कॅनर, भिंतीवरचा टीव्ही, त्यावर हलणारे आकडे. चहा येईल. चहा संपला की शांतपणे म्हणा, "परत आलेला माल कुठे ठेवता, तो कोपरा दाखवा."

या एका वाक्यावर गोदामाची परीक्षा होते. बाहेर जाणारा माल सगळेच बरा हाताळतात, कारण त्याचे पैसे मिळतात. परत आलेल्या पार्सलला कोणी वाली नसतो. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकानं दारातूनच परत पाठवलं, पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, असली सगळी पार्सलं संध्याकाळच्या गाडीतून येतात, नेमकी पाळी बदलायच्या वेळी. एखाद्या गोदामात ती ढिगात पडलेली दिसतील, वरच्यावर मागच्या महिन्याची तारीख. एखाद्या ठिकाणी वेगळा रॅक असेल, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, कधी आला, कोणी उघडला, काय निर्णय झाला. आणि कुठे "आमच्याकडे परत येतच नाही हो" असं उत्तर मिळालं तर तिथला दुसरा चहा घेऊ नका.

तुमच्या मालाला तर हे दुप्पट लागू आहे, कारण तो खायचा आहे. माझ्या मावसबहिणीचे नाचणीचे लाडू एका कंपनीच्या गोदामातून जायचे. पाटण्याला गेलेला एक डबा कोणी घेतला नाही, जाऊन-येऊन तीन आठवडे गाड्यांमध्ये फिरला. परत आल्यावर कॉम्प्युटरनं त्याला "शिल्लक एक" म्हणून पुन्हा मोजलं आणि तोच डबा पुढे दादरच्या गिऱ्हाइकाकडे गेला. बुरशीचा फोटो बहिणीच्या पेजवर आला, कंपनीच्या नाही. गिऱ्हाइकाला गोदाम माहीतच नसतं, त्याला फक्त तुमचं नाव माहीत असतं. म्हणून करारात एक ओळ पाहिजेच: परत आलेलं एकही पाकीट आमच्या लेखी होकाराशिवाय विक्रीच्या साठ्यात जाणार नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या पैशांचंही आत्ताच विचारा. कुरियरचं खातं गोदामवाल्याच्या नावावर असेल तर गिऱ्हाइकाची रोकड आधी त्याच्याकडे जाते आणि तो त्याच्या सवडीनं, बरेचदा आपलं बिल वळतं करून, तुम्हाला देतो. कुरियरचं खातं तुमच्याच नावावर ठेवा, गोदामानं फक्त लेबल छापावं. दर थोडा जास्त पडला तरी चालेल.

खाद्यपदार्थ म्हणून आणखी काही. तुमच्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असणारच, पण माल ज्या गोदामात राहील त्या गोदामाचाही स्वतःचा, साठवणुकीचा, त्याच पत्त्याचा परवाना लागतो. १४ आकडी क्रमांक मागून घ्या आणि फॉसकॉस या एफएसएसएआयच्या परवान्यांच्या पोर्टलवर टाकून पत्ता जुळतो का बघा. "अर्ज केलाय, येईलच" हे उत्तर मी हजार वेळा ऐकलंय, शंभरेक वेळा दिलंही असेल. मग शेजारच्या रॅकवर काय आहे ते बघा. भाजणी वास धरते हे मी तुम्हाला सांगायला नको. बाजूला उदबत्ती, साबण किंवा फिनेल असेल तर पंधरा दिवसांत तुमचं थालीपीठ अंघोळ करून आल्यासारखं लागेल. पेस्ट कंट्रोलचं रजिस्टर मागा. खालचा रॅक फरशीला टेकलेला नको, भिंतीपासून हातभर जागा सुटलेली हवी. उंदीर कडेकडेनं पळतो.

मुदतीचा प्रश्न मात्र बारकाईनं सोडवा. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याची ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी, असं एफएसएसएआयचं सांगणं आहे. तुमच्या भाजणीची मुदत चार महिने, म्हणजे विकायला हातात जेमतेम अडीच महिने. त्यातले आठवडाभर प्रवासात. जे आधी आलं ते आधी बाहेर, हा नियम सगळे सांगतील. तुम्हाला हवाय तो जरा वेगळा, ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. त्यासाठी गोदामाच्या सॉफ्टवेअरला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख कळायला हवी. "मेतकूट, ३१२ नग" एवढंच दिसणारा कॉम्प्युटर तुमच्या कामाचा नाही. पावण्याच्या गाळेवाल्याला हे जमत नसेल तर त्याचे ५ रुपये स्वस्त असणंही फुकट आहे.

लोणचं कोणालाच देऊ नका. काचेची बरणी, तेल, मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता, आणि एक बरणी फुटली की आजूबाजूची तीस पाकिटं तेलकट. ज्या ऑर्डरीत लोणचं असेल ती अख्खी ऑर्डर घरून पॅक करायची. वेबसाइटला तसा नियम लावून देता येतो, एका ऑर्डरीची दोन पार्सलं होऊ देऊ नका.

जागेबद्दल बोलायचं तर भिवंडीला गोदामं का, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. मुंबईच्या वेशीवर जकात होती, ती चुकवून माल बाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामं वाढतच गेली. नाशिक महामार्ग, उरण बंदराकडून येणारे कंटेनर, शेजारी मुंबई, सगळं हाताशी. मोठ्या कुरियर कंपन्यांची केंद्रंही त्याच पट्ट्यात असल्यानं तिथून निघालेलं पार्सल एखादा मुक्काम कमी करतं, हे खरं. पण तुमच्या गिऱ्हाइकाला भाजणी उद्याच हवी असते असं नाही. तुम्हाला मात्र पहिले सहा महिने दर आठवड्याला गोदामात पाय ठेवायचा आहे. पावण्याला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं कोपरखैरणे किंवा तुर्भ्याला उतरून रिक्षा केली की झालं. मानकोली नाक्यावर किंवा कशेळीच्या पुलावर तुमची दुपार किती वेळा गेलीय ते आठवा. चरईतल्या बाईनं अचानक जाऊन मोजणी करावी इतकं जवळ गोदाम असणं, हा माझ्या हिशेबात मोठा मुद्दा आहे.

पाण्याचाही विचार करा, दोन्हीकडे. २६ जुलै २००५ला मी भिवंडीत होतो. कामवारी नदीचं पाणी आत आलं तेव्हा आमच्याकडे वरच्या दोन रॅकवरचा माल वाचला, खालचा चिखलात गेला. तुम्ही गाळ्याची जोत्याची उंची बघा, आणि मालकाला नको, बाहेरच्या पानवाल्याला विचारा की पावसात इथे पाणी कुठवर येतं.

असं काही झालं तर भरपाई कोण देणार? भारतीय करार कायदा १८७२चं कलम १५१ म्हणतं की माल सांभाळणाऱ्यानं शहाण्या माणसानं स्वतःच्या मालाची घ्यावी तेवढी काळजी घ्यायची. तेवढी घेऊनही नुकसान झालं, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कलम १५२प्रमाणे तो जबाबदार नाही. "आमचा पूर्ण इन्शुरन्स आहे" असं गोदामवाला म्हणतो तेव्हा तो बहुधा त्याच्या इमारतीबद्दल आणि रॅकबद्दल बोलत असतो. तुमच्या मालाचा विमा तुम्हीच उतरवायचा. लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठराविक पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. आग, पूर त्यात येतात, घरफोडीचं वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसीवर गोदामाचा पत्ता लिहिलेला असू द्या, चरईचा नाही.

जीएसटीचं काम सीएकडून करून घ्या, पण क्रम लक्षात ठेवा: आधी नोंद, मग माल. गोदाम तुमच्या नोंदणीत अतिरिक्त व्यवसाय स्थळ म्हणून जोडावं लागतं, त्यासाठी जागेचे कागद आणि संमतिपत्र गोदामवाल्यानं द्यायचं असतं. तो टाळाटाळ करत असेल तर जागेच्या कागदांतच काही तरी खोट आहे असं समजा. घरून गोदामात माल नेताना डिलिव्हरी चलन लागतं, आणि राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर किंमत असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीची जीएसटी पोर्टलवरची ऑनलाइन नोंद), विक्री नसली तरी. भिवंडीची कंपनी "आमचं बंगळूर आणि गुरुग्रामलाही गोदाम आहे, तिथेही थोडा माल ठेवा" असं म्हणेल. ते सध्या ऐकून सोडून द्या. दुसऱ्या राज्यात माल ठेवला की तिथली वेगळी नोंदणी आली, आणि स्वतःचाच माल स्वतःला पाठवतानाही कर लावून बिल करावं लागतं.

करारात दोन जागा पेन घेऊन वाचा. पहिली घट. "अर्धा टक्का घट मान्य" असं लिहिलेलं असतं. महिन्याला तुमची चार हजारांवर पाकिटं फिरतात, म्हणजे वीस पाकिटं हवेत गेली तरी कोणी विचारायचं नाही. त्यावरची घट कोणत्या भावानं भरून देणार, तुमच्या खर्चाच्या की छापील किमतीच्या, हे लिहून घ्या. दुसरी जागा निघून जाण्याची. त्याच करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचे पैसे थकले तर माल अडकवून ठेवायचा हक्क त्याला आहे. बिलावर वाद झाला आणि ऐन गणपतीत माल आत अडकला तर? म्हणून वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीची भरली की माल सोडायचा, तीस दिवसांच्या नोटिशीवर सोडायचा, आणि बाहेर काढायचा दर आजच ठरलेला, एवढं तरी असू द्या. भिवंडीच्या मसुद्यात हा दर "त्या वेळच्या प्रचलित दरानुसार" असा आहे. तो शब्द मी तरी सहन केला नसता.

सॉफ्टवेअर तुमच्या वेबसाइटला जोडलं जातं का वगैरे प्रश्न दोघंही सोडवतील, त्यात वेळ घालवू नका.

तर माझं मत: भिवंडी नको, तुमच्या आकाराला तो अंगरखा मोठा होतो. रोज दीड-दोनशे ऑर्डरी बारा महिने जायला लागल्या की पुन्हा बोलू. पावणं चालेल, पण परवाना, बॅच आणि परतीचा कोपरा या तिन्हींत पास झालं तरच. आणि काही झालं तरी गणपतीआधी नाही. सणाच्या तोंडावर गोदाम बदलणं म्हणजे पंगत बसल्यावर चूल हलवणं. या दिवाळीपुरत्या दोन मदतनीस मुली दुपारच्या वेळेला घ्या, शक्य असेल तर जवळपास दोन-तीन महिन्यांसाठी एक खोली भाड्यानं बघा. घरातल्यांना पुन्हा सोफा दिसेल.

तुळशीचं लग्न लागलं की सुरुवात करा, तीनच वस्तूंनी: गोडा मसाला, मेतकूट, एक सुकी चटणी. भाजणी पहिल्या महिन्यात नको. पहिल्या आठवड्यात खऱ्या गिऱ्हाइकांच्या आधी दहा ऑर्डरी नातेवाइकांच्या नावानं टाका. एक शनिवारी दुपारी, बंद व्हायच्या वेळेला. एक टाकून अर्ध्या तासात रद्द करा, बघा थांबते का. एकावर पिनकोड मुद्दाम चुकीचा द्या. दोन कॅश ऑन डिलिव्हरी, त्यातली एक मावशीला सांगून दारातूनच परत पाठवा आणि तारीख लिहून ठेवा. ते पार्सल गोदामात पोचलं कधी, तुम्हाला कळवलं कधी, आणि कॉम्प्युटरवर ते कुठे दिसतंय, यातून तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही दरपत्रकात नाही. बाकीच्या पार्सलांचे फोटो मागवा: खोका कोणता, टेप किती, आतलं पाकीट कोणत्या बॅचचं.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. त्यांचं म्हणणं तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय, मला ते वरदान वाटलं. पावण्याला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या. ज्यानं उभा जन्म स्टोअर सांभाळलंय तो माणूस टीव्हीवरच्या आकड्यांकडे बघणार नाही. तो एका खणापाशी थांबेल, "याचं बिन कार्ड?" म्हणेल, आणि कार्डावरचा आकडा खणातल्या डब्यांशी बोटानं मोजून पडताळेल. दोन आकडे जुळले तर परतीच्या गाडीत त्यांचा आवाज कसा निघतो ते ऐका, आणि मला पुन्हा लिहा.